हळदीकुंकवाच्या दिवशीची रजा

‘कार्यक्रम ठेवला की माणसं येत नाहीत. आलीच तर कुणीतरी दुखावून जातं. मग वाटतं, आपल्यालाच जमत नाही.’

ही तक्रार घेऊन आलेली तरुणी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. जानेवारीत ‘वेलनेस महिना’ साजरा करा, असा मेल मुख्य कार्यालयातून आला होता. १५,००० रुपये मंजूर झाले होते आणि तिची झोप उडाली होती. एचआरमधल्या बऱ्याच जणांना थंडीच्या दिवसांत ही धास्ती असते, फक्त ती घेऊन समुपदेशकाकडे जावं असं सहसा कुणाला वाटत नाही.

पहिल्या भेटीत गेल्या जानेवारीचा हिशेब मांडला. सकाळी साडेसातला योगवर्ग: पहिल्या दिवशी ११ जण, चौथ्या दिवशी ३. मोबाइलवर रोज १०,००० पावलांची स्पर्धा: जिंकला मार्केटिंगचा मुलगा. ‘वजन घटवा, बक्षीस मिळवा’: कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत वजनकाटा, दोन दिवसांत बंद. शेवटी संक्रांतीनंतर हळदीकुंकू. त्याबद्दल ती जाता जाता म्हणाली, ‘त्या दिवशी स्टोअरमधल्या दोघी दरवर्षी रजेवर असतात.’ एकीचे पती करोनात गेले, दुसरी घटस्फोटित. दोघींच्या अर्जावर कारण एकच, घरगुती काम.

तिच्या बोलण्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. कार्यक्रम बसला नाही, ही एक. आणि ‘मी कमी पडते’, ही दुसरी. दुसरीला धीर देऊन भागत नाही. ‘असं नाही गं, तू चांगलं काम करतेस’ हे तिला घरचे रोज सांगतच होते. म्हणून आधी पहिली गोष्ट कागदावर तपासायची ठरलं. घरी करायचं काम साधं होतं. हजेरीपट घ्यायचा, प्रत्येक कार्यक्रमासमोर ‘कोण आलं’ हे लिहायचं नाही, ‘कुणाला येणं शक्यच नव्हतं’ हे लिहायचं, आणि कारण एका शब्दात.

पुढच्या भेटीत ती तीन पानं भरून घेऊन आली. १४० पैकी ऑफिसमध्ये २५, पहिल्या पाळीत ५०, दुसरीत ३५, तिसरीत ३०. साडेसातचा योगवर्ग म्हणजे पहिली पाळी सातलाच मशीनवर उभी, दुसरी पाळी घरी, तिसरी रात्रभर जागून नुकतीच सुटलेली. उरले ऑफिसचे २५. बुधगाव, कवलापूर, मालगाव इथून दुचाकीवर येणारे बरेच जण जानेवारीत पहाटे स्वतःच्या द्राक्षबागेत किंवा हळदीच्या रानात राबून मग पाळीवर येतात. त्यांना आणखी लवकर या म्हणणं हा अन्यायच. पावलांच्या स्पर्धेसमोर लिहिलं होतं: पोलिओमुळे एक पाय अधू असलेला टूलरूमचा कामगार, सात महिन्यांची गरोदर लेखनिक, साधा फोन वापरणारे १८ जण. सगळ्यांत खाली तिनंच एक ओळ जोडली होती. गेटवरचे सुरक्षारक्षक, कॅन्टीनच्या मावश्या आणि सफाईचे कंत्राटी कामगार मिळून १५ माणसं. ती त्या १४० मध्ये धरलेलीच नव्हती.

लोक उदासीन नव्हते, त्यांना दारच नव्हतं, हे त्या कागदानं तिला दाखवलं. समुपदेशकानं शंभरदा सांगून ते पटलं नसतं. (पावलांच्या त्या आकड्याबद्दल एक सांगायला हवं. १०,००० ही संख्या १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणाऱ्या एका उपकरणाच्या विक्रीतून रूढ झाली. आठ तास उभं राहून काम करणाऱ्याला तो आकडा सुनावण्यात काही अर्थ नाही.)

यानंतर काळजी बदलली. ‘आता कळलं, पण साहेब वेळ देणार नाहीत.’ इथे सरावाची गरज होती. साहेबांपुढे तिचं वाक्य ‘सर, जमेल का…’ असं सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं. खुर्ची समोर ठेवून तिनं तीनदा म्हणून पाहिलं. शेवटी ठरलेलं बोलणं असं: ‘नवीन वेळ मागत नाही. पाळी सुरू होताना सोमवारी टूलबॉक्स टॉक (कामाआधीचं सुरक्षेचं छोटं बोलणं) असतोच. जानेवारीतले चार सोमवार तो १० मिनिटांचा करू, तिन्ही पाळ्यांत. उरलेलं सगळं सुट्टीत आणि ऐच्छिक.’ मागणी मोजकी असेल, कधी संपणार ते ठरलेलं असेल आणि उत्पादनाचा हिशेब आधीच घातलेला असेल, तर नकार द्यायला जागा कमी उरते. साहेब हो म्हणाले. रात्रपाळीलाही तेच, याला मात्र त्यांनी भुवया उंचावल्या.

सर्वांत अवघड होतं हळदीकुंकू. ते गेली बारा वर्षं अकाउंट्समधल्या एक ज्येष्ठ काकू मनापासून करत होत्या. तरुणीचा पहिला विचार होता, त्या दोघींना या वेळी मुद्दाम आमंत्रण द्यावं. ते करू नये. मुद्दाम बोलावलं की सगळ्यांच्या नजरा तिकडेच वळतात, आणि नको असेल तर नकार देण्याचा भारही त्यांच्यावरच पडतो. दुसरा विचार, नोटीस काढून बंद करावं. त्यात काकू दुखावतात आणि त्याचा रोष पुन्हा त्या दोघींवरच निघतो. पलीकडच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानं इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. हे सांगलीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण ऑफिसात ठरावाची भाषा चालत नाही.

मधला मार्ग असा निघाला. कार्यक्रमाचं रूपच बदलायचं: पाळी सुरू होताना तीळगूळ, बाई-पुरुष, कायम-कंत्राटी सगळ्यांना, आणि त्याची जबाबदारी काकूंकडे. वाण नाही, कुंकू नाही, स्टेज नाही. कुणी ‘परंपरा बंद केली का?’ म्हणालं तर उत्तर एवढंच, की घरचं हळदीकुंकू घरी आहेच. कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या पैशांनी जे होतं ते गेटवरच्या मामांपर्यंत पोचलं पाहिजे.

१५५ माणसं, प्रत्येकी १५ ग्रॅमचे दोन लाडू, म्हणजे ४,६५० ग्रॅम. त्यासाठी २ किलो तीळ, २ किलो चिक्कीचा गूळ आणि पाऊण किलो शेंगदाण्याचं कूट पुरतं. गोड नको असणाऱ्यांसाठी वेगळा डबा: अर्धा किलो तीळ, पाव किलो जवस, पाव किलो बडीशेप, सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजून एकत्र. तीळ आधी तडतडतात, बडीशेप मागाहून; एकत्र भाजलं की एक कच्चं राहतं नाहीतर दुसरं करपतं. मीठ घालायचं नाही, रक्तदाबवाले असतात. दोन्ही डबे शेजारी ठेवायचे आणि ‘शुगरवाल्यांसाठी’ अशी चिठ्ठी चिकटवायची नाही. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं, कारण विचारायचं नाही. तिळाची ॲलर्जी असणारे क्वचित असतात, पण ती जोरदार असू शकते. तेव्हा डब्यात तीळ आहेत हे सोमवारच्या बोलण्यात सांगून टाकावं, आणि एका ताटलीत नुसते भाजलेले हरभरे वेगळे ठेवावेत.

भोगीचा डबा मात्र आपोआप जमला. आदल्या दिवशी बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी घरोघरी होतेच. अडचण होती खोली करून राहणाऱ्या बिहार-उत्तर प्रदेशच्या मुलांची. ती डबा आणणार कुठून? त्यांना विचारल्यावर कळलं की त्यांच्याकडे त्याच सणाला दही-चुडा आणि खिचडी असते. कॅन्टीनच्या मावशींनी मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली. इथे सांगलीचं एक पथ्य: जैन सहकाऱ्यांपैकी अनेक जण कंदमुळं खात नाहीत, म्हणजे गाजरही नाही आणि आलंही नाही; काही जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. दुसऱ्या पाळीचं खाणं रात्री आठला ठेवलं की ते वगळले जातात. पाळी सुरू होताना, तीनलाच ठेवावं.

रात्रपाळीसाठी तिनं जे केलं ते संपूर्ण महिन्यातलं सगळ्यांत उपयोगी काम होतं, आणि त्याचा फोटो निघत नाही. रात्री एक वाजता गरम पेय: ३० कामगार आणि २ रक्षक, प्रत्येकी १५० मिली, म्हणजे साधारण ५ लिटर. गवती चहा तीन मुठी, पाणी उकळल्यावर घालून झाकण. आल्याचं पेय वेगळ्या लहान थर्मासमध्ये, गूळ वेगळ्या वाटीत. सगळ्यांत एकत्र गूळ घातला की निम्म्यांचं काम तिथेच बिघडतं.

गेटची केबिन तिनं स्वतः रात्री जाऊन पाहिली. घमेल्यात कोळसे पेटवून, दार-खिडकी लावून मामा बसलेले. हे दर हिवाळ्यात कुठे ना कुठे जीव घेतं. कोळशाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. निखारे लाल झाले, धूर थांबला म्हणजे धोका टळला, असा समज आहे, तो चुकीचा आहे. नुसती बंदी घातली तर घमेलं पाठीमागच्या खोलीत जातं. म्हणून आधी पर्याय दिला: दाराला जाड प्लॅस्टिकचा पडदा, दोन रग, कानटोप्या, आणि लाकडी फळी, कारण थंडी पायाखालच्या फरशीतून चढते. मगच घमेलं उचललं.

हातापायांच्या भेगांसाठी बेसिनजवळ पेट्रोलियम जेलीची मोठी बाटली ठेवायचा बेत होता. ऑइल-कूलंटचे हात एकाच बाटलीत गेले की दोन दिवसांत ती काळी होते आणि मग कुणी हात लावत नाही. प्रत्येकाला लहान डबी द्यावी, आणि लावायची पाळी संपल्यावर, मशीनवर जाण्याआधी नाही, हात घसरतो.

रक्तदाब तपासणीत घाई केली की आकडे खोटे येतात. थंडीत दुचाकीवरून उतरलेल्या माणसाचा दाब तसाच जास्त लागतो, कारण गारठ्यानं रक्तवाहिन्या आकसतात. पाच मिनिटं शांत बसवावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला टेकलेले, हात हृदयाच्या पातळीवर. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, बिडी नाही. लघवी करून आलेला असावा. स्वेटरवरून पट्टा बांधू नये, बाही वर करून घट्ट वळीही करू नये. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा उगीच वाढतो. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजावं. १४०/९० च्या वर वारंवार लागलं तर डॉक्टरांकडे. १८०/१२० च्या पुढे गेलं तर त्याच दिवशी. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूचा अशक्तपणा असेल तर लगेच १०८. तपासणी प्रथमोपचार खोलीत, एकावेळी एक जण. चिठ्ठी ज्याची त्याच्या हातात. नावांची यादी एचआरकडे येता कामा नये, हे तिला दोनदा सांगावं लागलं, कारण मुख्य कार्यालयाला तक्ता हवा होता. किती जणांनी तपासलं, एवढी संख्या पाठवायची.

व्यायामाबद्दल थोडक्यात. बसून काम करणाऱ्यांना उठवायचं आणि उभं राहणाऱ्यांना बसवायचं. सगळ्यांना एकच व्यायाम देण्यातच गल्लत होते. ऑफिसमध्ये खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं आणि खांदे दहादा मागे फिरवणं. शॉपवर बाकावर बसून घोटे वीसदा वर-खाली. अधू पायाच्या कामगारालाच मोजणी करायला लावू नये. बसून करायच्या प्रकारात तो सगळ्यांसारखाच असतो.

‘मन मोकळं करा’ असं वर्तुळ करून बोलायला लावणंही तिनं टाळलं. वरिष्ठांसमोर कुणी खरं बोलत नाही, आणि बोललाच तर दुसऱ्या दिवशी त्याला पस्तावा होतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तासांचा क्रमांक, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेला, तिनं स्वच्छतागृहाच्या दारांवर आतल्या बाजूनं लावला. नोटीसबोर्डवर तो टिपून घेताना माणूस दिसतो.

महिनाअखेरीस हिशेब हजेरीवर ठेवायचा नव्हता. फॉर्म दिला तर ऑफिसवालेच भरतात. तीन डबे ठेवले: चहा-पाणी, तपासणी, व्यायाम, जे चालू राहावं वाटतं त्यात एक हरभरा टाकायचा. रात्रपाळीचे डबे वेगळे, नाहीतर दिवसाच्या गर्दीत त्यांचं मत बुडतं. रात्रपाळीनं पेयाचा डबा जवळजवळ भरला आणि एका चिठ्ठीत बेसिनला गरम पाणी मागितलं. ते मेंटेनन्सकडे अजून अडकलेलं आहे. व्यायामाच्या डब्यात जेमतेम तळ झाकला. काकू आठवडाभर रुसल्या, एक दिवस जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या टेबलाशी चौघींना कुंकू लावलं. तरुणीनं तिकडे दुर्लक्ष केलं, ते बरोबरच होतं. स्टोअरमधल्या दोघींपैकी एक संक्रांतीला कामावर आली. दुसरी रजेवरच होती, आणि तिला का, हे विचारायचं नाही असं आधीच ठरलं होतं.

‘मी कमी पडते’ हे वाक्य शेवटच्या भेटीत तिनं एकदाच उच्चारलं, तेही व्यायामाच्या डब्याबद्दल. त्यावर वेगळं काम चालू आहे.

असा महिना आखायचा असेल तर १० डिसेंबरच्या आत तिन्ही पाळ्यांच्या माणसांशी बोलून घ्यावं आणि कॅलेंडर समोर ठेवावं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी अनेक बायकांचा उपास असतो आणि अधिक महिन्याच्या वर्षी मार्गशीर्ष जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबू शकतो. त्या दिवशी खाण्याचा कार्यक्रम नको. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ मोकळी ठेवावी. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, तो २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. त्या वर्षी भोगीचा डबा आधी आणि तपासणी शेवटी, असा क्रम जुळतो.