सजायाफ्ता, आरोपी आणि साजेसा

इंदूरच्या जेल रोडजवळ राहणारे एक वाचक विचारतात (पत्ताही कसा जुळून आला बघा): ‘सजायाफ्ता (शिक्षा झालेला) नेता निवडणूक लढवू शकतो का, यावर मराठीत लेख लिहितोय. सजायाफ्ताला काय म्हणू? आरोपी चालेल का?’

मुळीच नाही. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी. त्याला निवडणुकीला उभं राहायला कायद्याची आडकाठी नाही, कोठडीतूनही अर्ज भरता येतो. न्यायालयाने दोषी ठरवलं की तो सिद्धदोष. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत ‘न्यायाधीन बंदी’ आणि ‘सिद्धदोष बंदी’ असे दोन वेगळे शब्द चालतात. तुरुंगाला कळतं ते बातम्या वाचणाऱ्यांना कळू नये?

आणि ते ‘शिक्षेला स्थगिती मिळाली, आमदारकी वाचली’ हे वाक्य! महिन्यातून एकदा तरी कानावर पडतं आणि डोकं फिरतं. शिक्षेला स्थगिती म्हणजे माणूस तूर्त तुरुंगाबाहेर, एवढंच. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 चं आठवं कलम बघा. दोन वर्षं किंवा अधिक कारावास झाला, तर दोषी ठरल्याच्या तारखेपासून अपात्र आणि सुटकेनंतर आणखी 6 वर्षं. काही गुन्ह्यांत तर नुसता दंड झाला तरी 6 वर्षं. म्हणजे स्थगिती हवी ती दोषसिद्धीला, दोषी ठरवणाऱ्या निर्णयालाच. 2001 मध्ये जयललितांची शिक्षा स्थगित होती, दोषसिद्धी उभीच होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुख्यमंत्रिपदावरची नेमणूक रद्द केली. 2023 मध्ये राहुल गांधींची खासदारकी परत आली, ती दोषसिद्धी स्थगित झाल्यावर.

हिंदीतली ‘शिक्षा’ आणि मराठीतली शिक्षा यांवरचा विनोद मी करणार नाही. इंदुरात वाढलेल्या प्रत्येकाने तो शाळेतच ऐकलेला असतो.

खरी गंमत ‘सजा’त आहे. सजा फारसी. पण मुळात तिचा अर्थ दंड नाही. योग्य, लायक, शोभणारं असा आहे. ‘सजीदन’ म्हणजे शोभणं. ‘सजावार’ म्हणजे पात्र, आणि उर्दूत आजही माणूस बक्षिसाचा सजावार असतो तसा दंडाचाही. केल्या कर्माला जे योग्य ते सजा! म्हणजे ज्या शब्दाने नेत्याची पात्रता जाते, तो शब्द स्वतःच पात्रतेचा. संस्कृतातही हेच: अर्ह् म्हणजे योग्य असणं, त्यातूनच पूजार्ह, त्यातूनच दंडार्ह आणि त्यातूनच अनर्ह. (आपल्याकडच्या हिंदी राज्यघटनेत अपात्रतेला ‘निरर्हता’ आहे. तयार ‘अनर्ह’ हाताशी असताना हा दात पाडणारा शब्द कोणी आणि कशाला घडवला, देव जाणे.)

आता माझा लाडका तर्क. मराठीत आपण म्हणतो, ‘हे तुला साजत नाही’, ‘पदाला साजेसा माणूस’. फारसीत ‘नमीसजद’ म्हणजे नेमकं हेच, साजत नाही! कोशकार साजणे हे क्रियापद संस्कृत ‘सज्ज’पासून आणतात; मग फारसीशी असलेलं साम्य निव्वळ योगायोग ठरतं. मला हे पटत नाही. सज्ज म्हणजे तयार. तयार होणं आणि शोभणं यांत बरंच अंतर आहे. मांडवात तयार होऊन आलेले सगळेच शोभतात असं नाही. धातू संस्कृताचा असेल, पण या अर्थाला शेकडो वर्षांच्या दरबारी फारसीने खतपाणी घातलं असणार, असं मी म्हणतो. होळकरांच्या गावात बसून हे म्हणायला मला कसला संकोच? उलट सजा ही अरबी ‘जजा’ची (म्हणजे मोबदला, फळ) बहीण असल्याचं जे ठणकावून सांगतात त्यांनी संकोचावं. ‘सजा-ओ-जजा’ ही उर्दूतली जोडी आहे, सोयरीक नव्हे. यमक जुळलं की व्युत्पत्ती झाली, असं समजणाऱ्यांना आवरायचं कसं?

शुद्धीवाले म्हणतील, सजा टाका, दंड घ्या. घ्या की. मग पाच हजारांचा दंड आणि पाच वर्षांचा कारावास यांत फरक कसा करणार, तेही सांगा. आणि प्रचारसभेत ‘आमचे उमेदवार’ म्हणताना तुमची जीभ अडखळत नाही, ती का? उमेद फारसी, वार फारसी. आशा लावून बसलेला तो उमेदवार. हिंदीतला ‘प्रत्याशी’ही तसाच आशाळभूत.

हां, सजायाफ्ता. ‘याफ्ता’ म्हणजे मिळालेला; तालीमयाफ्ता, सजायाफ्ता. सराफा बाजारात उभं राहून बोलताना खुशाल म्हणा, इंदुरी मराठीला तो पचतो. लेखात मात्र ‘सिद्धदोष’ लिहा, आणि कारावास किती वर्षांचा ते त्याच वाक्यात लिहा. अपात्रता बहुतेकदा त्या आकड्यावर ठरते.