जपानमधलं इसे मंदिर दर २० वर्षांनी पाडून नव्याने का बांधतात?

पाडून बांधतात हे अर्धंच खरं. आधी शेजारच्या रिकाम्या जागेवर हुबेहूब नवं मंदिर उभं राहतं, रात्रीच्या अंधारात देवता तिकडे नेली जाते आणि मगच जुनं उतरवतात. सूर्यदेवता अमातेरासूच्या या शिंतो (जपानचा पारंपरिक धर्म) देवस्थानात ही प्रथा इ.स. ६९० पासून आहे. मध्ययुगीन लढायांच्या काळात ती शंभराहून अधिक वर्षं खंडितही झाली होती. ६२ वी खेप २०१३ मध्ये झाली, पुढची २०३३ मध्ये आहे.

एक कारण बांधणीतच आहे. हिनोकी म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडाचे खांब पायाशिवाय थेट जमिनीत पुरतात, वर गवताचं छप्पर. ते कुजणारच. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हातातलं कसब. २० वर्षांत विशीतला शिकाऊ सुतार चाळिशीत येतो आणि पुढच्यांना शिकवतो. इमारत नवी असते, विद्या जुनीच राहते.

जुनं लाकूडही वाया जात नाही. इसेच्या आतल्या आणि बाहेरच्या मुख्य मंदिरांच्या मोठ्या खांबांपासून मंदिराकडे जाणाऱ्या उजी पुलाच्या दोन टोकांच्या तोरी, म्हणजे कमानी, घडवतात.

आणि सगळ्यात हृद्य भाग गावकऱ्यांचा. नव्या मंदिराभोवती अंथरायचे पांढरे गोटे ते पांढऱ्या कापडात गुंडाळून आणतात आणि स्वतःच्या हाताने ठेवतात. एरवी सामान्य भक्ताला बाहेरच्या कुंपणापाशीच हात जोडावे लागतात. इतक्या आत पाऊल टाकायला मिळतं ते याच वेळी.