टाकीत गोगलगाईच गोगलगाई

प्रश्न : क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेल्या पाणवनस्पतींबरोबर बारीक गोगलगाई आल्या. दोन फुटी टाकीची काच आता त्यांनीच भरली आहे. औषध टाकू का? (दादर)

उत्तर : औषध नको. त्यातलं तांबं कोळंबीलाही मारतं. शिवाय शेकडो गोगलगाई एकदम मेल्या की कुजून अमोनिया वाढतो, मग मासेही जातात. खरं कारण बहुधा जास्तीचं खाणं. दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या, आठवड्यातून एक दिवस उपास. रात्री दिवा मालवल्यावर काकडीची जाड चकती चमच्याला टोचून तळाशी ठेवा. सकाळी चिकटलेल्या गोगलगाईंसकट उचला. हे दोन-तीन आठवडे रोज करा, कारण पानांमागच्या जेलीसारख्या पुंजक्यांतून नवी पिल्लं येत राहतात. ते पुंजके नखाने खरवडा. दर आठवड्याला सायफनने खडीतला गाळ ओढून पाव टाकी पाणी बदला, नवं पाणी क्लोरीन काढूनच.

दुकानदार क्लाउन लोच हा गोगलगाई खाणारा मासा सुचवेल. तो फूटभर वाढतो आणि त्याला कळप लागतो, तुमच्या टाकीचं ते काम नव्हे.

पुढची रोपं ४ लिटर पाण्यात २ मोठे चमचे तुरटीपूड विरघळवून २-३ तास बुडवा, मग नीट धुवा. अंडी यातूनही वाचू शकतात, म्हणून ती रोपं दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवलेली बरी.