हात थरथरतो, मग रांगोळी सोडायची का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी ६३ वर्षांची, साताऱ्याची. चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्स निघाला. दिवाळीला गल्लीतली मोठी रांगोळी माझीच असायची, भजनी मंडळात झांज वाजवायचे. आता उजवा हात थरथरतो, सही मुंगीएवढी झालीय, दारातून निघताना पाय जमिनीला चिकटतात. लोक बघत बसतात म्हणून मंडळ सोडलं. माझा आता उपयोग काय?

उत्तर : काकू, "उपयोग काय" वाचलं आणि बाबा आठवले, त्यांनाही हाच आजार होता आणि पहिली दोन वर्षं ते नुसते खिडकीत बसून होते.

आधी रांगोळीचं. ही थरथर बहुतेकदा हात मांडीवर रिकामा पडलेला असताना जास्त असते, कामाला लागला की पुष्कळांची कमी होते. पण हालचाली आपोआप लहान होत जातात, सहीचं तेच झालंय, म्हणून ठिपके जोडत बसू नका, मुद्दाम मोठं काढा, पाची बोटांतून सोडतात ना ती संस्कारभारतीसारखी. खाली बसून उठताना पडायची भीती, तेव्हा टेबलावर प्लायवूड घ्या, आणि गोळीचा असर चांगला असेल ती वेळ धरा.

आणि झांज तर सोडूच नका! या आजारात मेंदूचा आतला ठेका बिघडतो, बाहेरून ठेका मिळाला की अडलेलं पाऊल बरेचदा उचललं जातं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये तर २००१ पासून नृत्यदिग्दर्शक मार्क मॉरिस यांच्या ग्रुपचे पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी नाचाचे क्लास चालतात, आपल्या पुण्यात नर्तक हृषीकेश पवारांनी पार्किन्सन्सच्या मंडळींना नाचायला शिकवलंय. पुण्यातच पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, पेशंट आणि घरचे दोघंही येतात, मुलांना चौकशी करायला सांगा.

बाबा अशाच एका ग्रुपमध्ये जायला लागले, आधी आमच्या आग्रहाखातर, तोंड पाडून. मग एकदा नवीन आलेले एक काका दारातच अडकले तर बाबांनी त्यांचा हात धरला आणि "विठ्ठल विठ्ठल" म्हणत ठेक्यावर आत आणलं, आणि त्यानंतर मंगळवारी सकाळी सगळ्यात आधी तयार होऊन बसायचे ते बाबाच.

एक मात्र करा, हे उदास वाटणं न्यूरॉलॉजिस्टना स्पष्ट सांगा, ते आजाराचाही भाग असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. भजनी मंडळात गेल्यावर आधी सांगून टाका, मला पार्किन्सन्स आहे, हात हलतो. निम्म्या लोकांना नुसतं माहीत नसतं हो. येत्या एकादशीला जा, झांज घेऊन, आणि मला कळवा.