प्लास्टिक मोल्डिंगमध्ये नवीन आहात? रंगाचं आधी एवढं बघा

कुपवाड एमआयडीसीत पहिलं मशीन टाकलंत, अभिनंदन! सुटी रंगाची पावडर घेऊ नका. ती हॉपरला (दाणे ओतायच्या नरसाळ्याला), हाताला, पुढच्या लॉटला लागत राहते. मास्टरबॅचचे, म्हणजे प्लास्टिकमध्ये आधीच रंग मिसळलेले, दाणेच घ्या.

सगळ्यात महत्त्वाची उष्णता. सेंद्रिय (कार्बनी) रंगद्रव्यं झळझळीत दिसतात, थोड्यात भरपूर रंग देतात, पण प्रत्येकाची ताप सोसायची ताकद वेगळी. डायअरिलाइड पिवळा 200 अंशांपुढे विघटित होऊ लागतो आणि पीपी (पॉलिप्रोपिलीन) तर आपण 220-230 वर चालवतो. म्हणून "लिंबू पिवळा द्या" एवढ्यावर ऑर्डर देऊ नका. प्लास्टिक कोणतं, तापमान किती, वस्तू उन्हात राहणार का, हे पुरवठादाराला सांगाच.

- दाण्याचा वाहक, म्हणजे रंग ज्यात मिसळलेला असतो ते प्लास्टिक, तुमच्या प्लास्टिकशी जुळणारा हवा. एबीएस प्लास्टिकमध्ये पॉलिथिनचा वाहक गेला तर पापुद्रे सुटतात.
- मुठीनं टाकू नका, काट्यावर मोजा. 2 टक्के म्हणजे 25 किलोच्या पोत्याला 500 ग्रॅम.
- रेघा दिसल्या की नवखे लगेच रंग वाढवतात. बहुतेकदा मिसळणं कमी पडलेलं असतं. आधी बॅक प्रेशर (स्क्रू मागे सरकताना त्यावर असलेला दाब) थोडं वाढवून बघा.

तासगावच्या द्राक्षवाल्यांसाठी एचडीपीईचे (कडक पॉलिथिनचे) क्रेट काढणार असाल, तर थॅलोसायनिन या निळ्या-हिरव्या रंगद्रव्यापासून सावध राहा. त्यानं प्लास्टिकचं आकसणं बदलतं, कोपरे वाकतात, आणि दोष उगाच साच्यावर जातो.

रंग मोजायची यंत्रं, स्वतःचे फॉर्म्युले वगैरे सध्या राहू द्या. नमुना ट्यूबलाइटखाली पास करू नका, दिवसा शेडबाहेर नेऊन ग्राहकाच्या तुकड्याशेजारी धरा.