व्हिनेगरपासून एस्टर का बनत नाही?

प्रश्न : ग्लेशिअल (जवळजवळ बिनपाण्याचं) ॲसेटिक आम्ल संपलं होतं, म्हणून इथेनॉलमध्ये व्हिनेगर मिसळलं, सल्फ्युरिक आम्लाचे थेंब टाकून तापवलं. फळासारखा गोड वास आलाच नाही, नुसता आंबट भपकारा. काय चुकलं?
– बारावीची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : व्हिनेगर घेतलंत तिथेच घोळ झाला. त्यात ॲसेटिक आम्ल जेमतेम ४-५ टक्के, बाकी जवळजवळ सगळं पाणी. आम्ल आणि अल्कोहोल जोडले जाऊन एस्टर बनताना पाण्याचा एक रेणू सुटतो आणि ही अभिक्रिया उलटही चालते. आधीच एवढं पाणी असेल तर एस्टर नावापुरताच बनतो.

कोरड्या परीक्षानळीत इथेनॉल आणि ग्लेशिअल ॲसेटिक आम्ल प्रत्येकी १ मिली घ्या. योगायोगाने दोघांचे मोल (म्हणजे रेणूंची संख्या) इथे जवळपास सारखे येतात. अभिक्रिया पूर्ण समतोलाला पोचली तरी दोन तृतीयांश आम्लाचाच एस्टर होतो. इथेनॉल ३ मिली केलंत तर हेच प्रमाण ९० टक्क्यांवर जातं. मग संहत सल्फ्युरिक आम्लाचे २-३ थेंब, सावकाश, नळी हलवत. चष्मा हवाच.

नळी ७० अंशांच्या पाण्यात ५ ते १० मिनिटं धरा. थेट ज्योतीवर कधीच नाही : इथिल ॲसेटेट, म्हणजे इथे बनणारा एस्टर, ७७ अंशांना उकळतं, वाफ उडून जाते आणि पेटही घेते.

आता मिश्रण ५० मिली पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा विरघळवून त्यात थोडं थोडं ओता. फेस येईल. उरलेलं आम्ल सोड्याने मरतं, जास्तीचं अल्कोहोल पाण्यात जातं आणि एस्टरचा वास मोकळा होतो. हाताने वारा घालून तो नाकाकडे आणा. खायच्या सोड्याऐवजी कॉस्टिक सोडा नको, ते एस्टरच फोडतं. वर तेलकट थर दिसला नाही तरी प्रयोग फसला असं समजू नका. एवढं इथिल ॲसेटेट ५० मिली पाण्यात सहज विरघळतं. थर बघायचाच असेल तर आयसोअमाइल अल्कोहोल वापरा. त्याचा एस्टर पाण्यावर तरंगतो आणि केळ्याचा वास दरवळतो.

प्रश्न : पॉलिएस्टरही एस्टरच ना? मग पाण्यात धुतल्यावर ते फुटत कसं नाही?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : हो, एस्टरच. टेरेफ्थॅलिक आम्लाला दोन आम्लगट, इथिलीन ग्लायकॉलला दोन अल्कोहोलगट, त्यामुळे साखळी दोन्ही टोकांनी वाढत जाते. व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये हे साधलं. टेरिलीन ते हेच.

अडचण मात्र तीच, पाण्याची. दोन तृतीयांश गट जुळून काम थांबलं, तर साखळीत सरासरी ३ घटक, म्हणजे धागा नाहीच. ९९ टक्के जुळले, तर १००. म्हणून कारखान्यात आधी पाणी काढतात, मग २८० अंशांच्या आसपास निर्वात स्थितीत साखळ्या जुळताना सुटणारं ग्लायकॉलही सतत ओढून घेतात.

तयार धाग्यातली बेंझिनची कडी इतकी दाटीने बसतात की पाणी आत शिरत नाही, त्यामुळे साध्या धुण्याने काही होत नाही. गरम कॉस्टिक सोडा मात्र पृष्ठभागापासून धागा खातो. आम्लाचा क्षार झाला की उलटी वाट बंद होते, म्हणून ही झीज भरून येत नाही. प्रोसेस हाऊसमध्ये (कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात) हेच मोजूनमापून करतात : कापडाचं वजन ठरावीक टक्क्यांनी उतरवतात आणि ते रेशमासारखं सुळसुळीत होतं. वेळ किंवा तापमान जास्त झालं की कापड विरतं.