भंडारदऱ्याला तलावाकाठी आदिवासी कुटुंबाकडे राहावं का?

प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या आहेत. काजवे बघायला बायको-मुलांना घेऊन जायचं तर आदिवासी घराच्या तंबूत राहणं ठीक आहे का, आणि जाहिरातीत असतो तो 'आदिवासी संस्कृतीचा कार्यक्रम' खरा असतो की पैशासाठी केलेला? पहिल्याचं उत्तर हो, खुशाल राहा. दुसऱ्याचं लांबेल, कारण तो कार्यक्रम आमच्याच अंगणात व्हायचा होता.

आम्ही महादेव कोळी. घर रतनवाडीच्या बाजूला. तलावाचं धरण 1926 साली पुरं झालं. त्यात 11 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि ते प्रवरेच्या कालव्यांनी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या उसाला जातं. वर आमच्या वाडीत मे महिन्यात बायका हंडे घेऊन झऱ्यावर नंबर लावतात. त्या पाण्यातून आमच्या घराला पैसा मिळाला तो पहिल्यांदा पर्यटनातून. त्याआधी पावसाळ्यात भात-नाचणी, उन्हाळ्यात हिरडा वेचायचा आणि उरलेले दिवस नारायणगावाकडे मजुरी. म्हणून या धंद्याबद्दल कोणी हलकं बोललं की मला झोंबतं.

सुरुवातीला बुकिंग एका बाहेरच्या एजंटाकडून यायचं. माझ्या चुलतभावानेच त्याला आणलं. तो पाहुण्यांकडून माणशी 1,500 घ्यायचा आणि आम्हाला 400 द्यायचा. त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, तंबू आणि काजवे दाखवायला माझा भाऊ, सगळं आलं. एका जूनमध्ये त्याने निरोप धाडला, शनिवारी मोठा ग्रुप आहे, शेकोटीभोवती बायकांनी लुगडी नेसून नाचायचं, आणि घरात बोहाड्याचं सोंग आहे ना, तेही काढा, लोकांना फोटो पाहिजेत.

बोहाडा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. तो उन्हाळ्यात गावदेवीच्या जत्रेत होतो. संबळ वाजतो, गणपतीपासून एकेक सोंग टेंभ्यांच्या उजेडात नाचत येतं आणि रात्र सरते. आमच्या घराण्याकडे नरसिंहाचं सोंग, म्हणजे मुखवटा, आहे. वर्षभर ते कापडात गुंडाळून माळ्यावर असतं. खाली काढायच्या आधी नारळ फुटतो, आणि ज्याच्या तोंडावर बांधायचं त्याने दिवसभर उपास धरलेला असतो.

आजी चुलीशी बसली होती. चुलतभाऊ तिला समजावत होता की पाचच मिनिटं, नुसतं धरून उभं राहायचं. ती म्हणाली, "सोंग त्याच्या रातीला निघतं. पैसं दिलं म्हणून देव उठून येत नाही." आईने लुगड्याचंही नाही म्हटलं. ती घरात साडी नेसते, साडीच नेसून वाढणार.

ग्रुप आला. एजंट अंगणात उभा राहून आमच्यावर ओरडला, पाहुण्यांसमोर. पण पाहुण्यांतली एक बाई सरळ चुलीपाशी येऊन बसली आणि आईला नाचणीची भाकरी करताना बघत राहिली. नाचणीचं पीठ नुसत्या गार पाण्यात मळलं की भाकरी चिरते. आई आधी उकळत्या पाण्यात उकड काढते, मग परातीत तळहाताने इतकं रगडते की पीठ लोण्यासारखं होतं. बाईने करून पाहिली, तिची फाटली, तिने पुन्हा केली. मग आजीने तिला बाळहिरडा, म्हणजे कोवळा हिरडा, दाखवला, तो कधी झोडायचा, किती वाळवायचा, व्यापारी वजनात कसा मारतो ते सांगितलं. बाकीचे एकेक करत आत आले. नाचाची आठवण कुणी काढली नाही. तुम्ही संस्कृती विचारताय ना, ती ही. ती बघायला तिकीट लागत नाही, अर्धा तास चुलीजवळ बसावं लागतं.

एजंटाने पुढची बुकिंगं बंद केली. मग वहिनीने नकाशावर आमचं ठिकाण आणि स्वतःचा नंबर टाकला. आता फोन ती आणि मी घेतो, पैसे घरात येतात.

चुलतभाऊ अजून म्हणतो, तुम्ही लाजलात आणि धंदा घालवलात. त्याने स्वतःची तलावालगतची जमीन नोटरीच्या कागदावर शहरातल्या पार्टीला दिली. जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ सांगतं की आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला भाड्यानेसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय देता येत नाही. तरी दिली. सातबाऱ्यावर नाव त्याचं आणि त्याच जागेत तो महिन्याच्या पगारावर चहा नेऊन देतो. याला धंदा म्हणायचं असेल तर आमचा घालवलेलाच बरा.

म्हणून बुक करताना फोन घरच्या माणसाने उचलला का, जेवण कोण करतं आणि पैसे कोणाच्या खात्यात जातात, एवढं विचारा. उत्तर देताना कोणी अडखळलं तर दुसरं घर बघा.

काजव्यांसाठी मेअखेर ते पहिला जोराचा पाऊस, एवढाच काळ. शनिवार-रविवार टाळा, पांजरे-रतनवाडी रस्त्यावर गाड्या तासन् तास अडकतात. सादडा-हिरड्याच्या झाडांवर नर लुकलुकतात ते मादीला बोलवायला. हेडलाइट लावला की झाडच्या झाड विझतं. माद्या खाली गवतात असतात, म्हणून पायवाट सोडू नका. अभयारण्य आहे, वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते आणि वेळ पाळावी लागते.

हेही सांगायला हवं की सगळी घरं सारखी नाहीत. काही ठिकाणी संडास नीट नसतो, लहान मुलं असतील तर आधी फोटो मागवा. अगदी पाण्याला लागून टाकलेले तंबू पाटबंधारे खात्याच्या जागेत असू शकतात, आणि वारा सुटला तर तेच आधी उडतात. तलावात पोहू नका, काठ एकदम खोल जातो. बाहेरचे सगळेच आयोजक लुबाडतात असंही नाही, माझ्या भावाला दोर लावायला आणि प्रथमोपचार करायला पुण्याच्या ट्रेकवाल्या पोरांनीच शिकवलं.

चुलतभाऊ हे वाचेल. दादा, तुझा करार दिवाळीत संपतोय. नवा कागद करू नकोस. तंबू आपल्याकडे आहेत, पहिलं सीझन वहिनी बुकिंग लावून देईल, पण नंबर तुझाच टाकू.